मुसख्खन आणि मोहटोळीचे तेल : एका पॅलेस्टिनी पक्वान्नाचा झाडीपट्टीच्या चुलीवरून विचार

परदेशातील एखादे पक्वान्न आपल्या घरी करावयाचे ठरविले म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो सामग्रीचा. जी वस्तू येथे मिळत नाही तिच्या जागी कोणती घ्यावी? या प्रश्नाचे उत्तर बहुधा सादृश्यावरून दिले जाते. मूळ वस्तू तांबडी असली तर येथील तांबडी वस्तू घ्यावी, ती आंबट असली तर चिंच घालावी, ती तेलकट असली तर हाताशी असेल ते तेल वापरावे, अशी ही रीत आहे. ही रीत सोयीची असली तरी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. पदार्थातील प्रत्येक घटकाचे कार्य कोणते, आणि तो घटक वर्षाच्या कोणत्या काळात घरात येतो, या दोन गोष्टी पाहिल्यावाचून पर्यायाची निवड नीट होऊ शकत नाही. विवेचनासाठी पॅलेस्टाइनमधील 'मुसख्खन' हे कोंबडीचे पक्वान्न घेतले असून, ते चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील घरात करावयाचे झाल्यास काय करावे लागेल, याचा क्रमाने विचार केला आहे. हे उदाहरण मुद्दामच निवडले आहे. या दोन्ही प्रदेशांत अन्न हे शेताइतकेच झाडांवर अवलंबून आहे; आणि दोन्हीकडे त्या झाडांपर्यंत माणसाला जाता येते की नाही, हा प्रश्न स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

मुसख्खनचे स्वरूप

'मुसख्खन' या अरबी शब्दाचा अर्थ 'तापविलेले' असा आहे. जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशाचा उत्तर भाग, विशेषतः तुलकर्म आणि जेनिन ही गावे व त्यांचा परिसर, हे या पक्वान्नाचे माहेर समजले जाते. त्याची रचना साधी आहे. जाड, मऊ व खळगे असलेली गव्हाची रोटी तळाशी असते. तिच्यावर ऑलिव्ह तेलात मंदपणे शिजविलेल्या कांद्याचा जाड थर देतात. कांद्यात 'सुमाक' नावाच्या फळांची तांबडी, आंबट पूड मिसळलेली असते. या थरावर आधी उकडलेली व नंतर भाजलेली कोंबडी ठेवतात, वरून तळलेले बदाम किंवा चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे पसरतात, आणि सर्व रचना पुन्हा एकदा भट्टीत तापवितात. खाणारी मंडळी एका मोठ्या ताटाभोवती बसून हातानेच रोटी तोडून खातात.

या पक्वान्नातील परस्पर प्रमाण ध्यानात घेण्यासारखे आहे. २०१० सालच्या एप्रिल महिन्यात रामल्लाच्या परिसरात चार मीटर व्यासाचे मुसख्खन तयार करण्यात आले व त्याची गिनीज विक्रमग्रंथात नोंद झाली. एकूण १,३५० किलोग्रॅम वजनाच्या या पक्वान्नासाठी २५० किलोग्रॅम पीठ, ५०० किलोग्रॅम कांदा, १७० किलोग्रॅम ऑलिव्ह तेल आणि ७० किलोग्रॅम बदाम लागले. म्हणजे कांदा पिठाच्या दुप्पट आणि तेल पिठाच्या सुमारे दोन-तृतीयांश. यावरून असे दिसते की, ज्याला आपण कोंबडीचे पक्वान्न म्हणतो ते वस्तुतः तेल, कांदा आणि रोटी यांचे पक्वान्न आहे. कोंबडी ही त्या तेलाची पाहुणी होय.

याचे कारण ऋतूत आहे. पॅलेस्टाइनमध्ये सुमाकाची फळे उन्हाळ्याच्या अखेरीस, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, तोडली जातात. त्यामागोमाग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हची तोडणी होऊन घाण्यातून नवे तेल बाहेर पडते. नव्या तेलाची चव किंचित कडू व घशाला झोंबणारी असते. हे तेल कसे उतरले याची पारख रोटी त्यात बुडवून करण्याची रीत आहे, आणि मुसख्खन हे त्या पारखीचेच सणासुदीचे रूप आहे. नवा सुमाक, नवे तेल आणि घरात साठविलेला कांदा ही त्रयी एका विशिष्ट काळात एकत्र येते, म्हणून हे पक्वान्न त्या काळाचे आहे.

कोंबडीचा प्रवास

आता पाहुणीकडे वळू. कोंबडीचे मूळ आशियातील अरण्यांत आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पाळीव कोंबडीची मुख्य वंशरेषा आग्नेय आशियातील तांबड्या रानकोंबड्याच्या एका उपजातीपर्यंत नेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पुरातत्त्वीय अभ्यासाने थायलंडमधील बान नॉन वाट या स्थळी, इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० या काळात, पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना निश्चित पुरावा असल्याचे मत मांडले. भात व भरडधान्ये यांची शेती सुरू झाल्यावर सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने रानपक्षी मनुष्यवस्तीजवळ आला, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. झाडीपट्टीतील धानाच्या बांध्यांजवळ राहणाऱ्या वाचकाला हे स्पष्टीकरण सहज पटण्यासारखे आहे.

परंतु या कथेत भारतीय द्वीपकल्पाचाही एक धागा आहे. राखी रानकोंबडा ही जात केवळ भारतातच आढळते. पाळीव कोंबड्यांतील पिवळी कातडी व पिवळे पाय ज्या जनुकरूपामुळे दिसतात, ते या राखी रानकोंबड्याकडून संकराने आलेले आहे, असे २००८ साली दाखविण्यात आले. तांबड्या आणि राखी रानकोंबड्यांची क्षेत्रे मध्य भारतात व गोदावरीच्या खोऱ्यात एकमेकांस भिडतात. चंद्रपूर-गडचिरोलीची अरण्ये या सीमाप्रदेशातच येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हे दोन्ही पक्षी संरक्षित आहेत. तेव्हा प्रस्तुत विवेचनात 'कोंबडी' म्हणजे पाळीव गावरान कोंबडीच समजावी.

ही कोंबडी पश्चिमेकडे गेली, पण तेथे ती प्रथम कुतूहलाचा आणि झुंजीचा पक्षी होती. नित्याचे अन्न ती नंतर झाली. या संक्रमणाचा महत्त्वाचा पुरावा पॅलेस्टाइनच्याच भूमीत, बैत जिब्रीनजवळील मारेशा या प्राचीन नगरात मिळाला. इसवी सनापूर्वी चौथ्या ते दुसऱ्या शतकातील थरांत कोंबड्यांची हजारांहून अधिक हाडे सापडली. त्यांवर कापल्याच्या खुणा होत्या, आणि माद्यांची संख्या नरांच्या सुमारे दुप्पट होती. झुंजीसाठी पक्षी पाळले असते तर नर अधिक असते. म्हणून मांस आणि अंडी यांसाठी मोठ्या प्रमाणावर कोंबडीपालन केल्याचा, पूर्व आशियाबाहेरचा हा सर्वांत जुना दाखला असावा, असा निष्कर्ष २०१५ साली मांडला गेला. तात्पर्य, कोंबडी अन्न म्हणून सर्वत्र रूढ होण्यात पॅलेस्टाइनचा वाटा जुना आहे. आणि तिच्या कातडीचा पिवळा रंग आपल्या द्वीपकल्पातील रानाचा आहे.

गडचिरोलीच्या माडिया व गोंड समाजांत कोंबडी ही आधी विधीची आणि मग ताटाची वस्तू आहे. मोसमातील नवी वस्तू खाण्यापूर्वी 'पंडुम' साजरे करतात. बियाण्याचे पंडुम, आंब्याचे पंडुम अशी ही मालिका आहे. देवतेला कोंबडी अर्पण करण्यापूर्वी तिच्यापुढे तांदळाचे दाणे ठेवतात. तिने ते टिपले म्हणजे देवतेने बळी स्वीकारला, असे मानतात. नव्या पिकाचा स्वीकार आणि कोंबडी यांचा संबंध पॅलेस्टाइनइतकाच येथेही घट्ट आहे, हे यावरून दिसून येईल. भेद इतकाच की, तेथे त्या संबंधाला एका पक्वान्नाचे नाव मिळाले, येथे तो विधीच्या नावाने ओळखला जातो.

आधी उकडणे, मग भाजणे

मुसख्खनची कोंबडी दोनदा शिजते. प्रथम ती वेलदोडा, दालचिनी, तमालपत्र व कांदा घातलेल्या पाण्यात मंद आचेवर उकडतात. मग तेल व सुमाक चोळून भाजतात. बाजारातील ब्रॉयलर पक्षी घेणाऱ्या पाककर्त्याला ही दोन पायऱ्यांची रीत अनावश्यक वाटते. ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत कापण्याजोगा होतो, त्याचे मांस कोवळे असते, आणि तो नुसता भाजूनही मऊ होतो. परंतु ही रीत त्याच्यासाठी निर्माण झालेलीच नाही. ती अंगणात फिरणाऱ्या, पाच-सहा महिने किंवा त्याहून अधिक वयाच्या पक्ष्यासाठी आहे. वय वाढते तसतसे स्नायूंना बांधणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंमध्ये आडवे बंध वाढत जातात. अशा मांसाला कोरडी आच दिली तर ते चिवट होते. ओलसर उष्णतेत, उकळीच्या थोडे खाली दीर्घकाळ ठेवले असता मात्र कोलॅजनचे जिलेटिन होते, मांस सुटते आणि पाण्याला दाटपणा येतो.

झाडीपट्टीतील गृहिणीला हे नियम नावाने ठाऊक नसले तरी कृतीने ठाऊक आहेत. गावरान कोंबडीची पिसे काढून तिला जाळावर धरून कातडीसह भाजतात, मग तुकडे करून पातळ रश्श्यात बराच वेळ शिजवितात. येथे भाजणे आधी आणि उकडणे मागून होते; मुसख्खनमध्ये क्रम उलट आहे. दोन्ही रीतींत कातडी राखली जाते, कारण जाळाचा वास व चरबी तिच्यातच असते. म्हणून या जिल्ह्यांत मुसख्खन करणाऱ्याने ब्रॉयलर शोधत न बसता गावरान पक्षीच घ्यावा. मूळ रीतीला तोच अधिक जवळचा आहे.

रोटी आणि भट्टी

मुसख्खनची रोटी 'ताबून' या मातीच्या भट्टीत भाजतात. ताबूनच्या तळाशी गोटे पसरलेले असतात. भट्टीवर बाहेरून शेण किंवा ऑलिव्ह पिळल्यावर उरलेला चोथा रचून त्याची धग देतात. तापलेल्या गोट्यांवर पीठ टाकले म्हणजे रोटीला खळगे पडतात, आणि त्या खळग्यांत पुढे तेल साठते. म्हणजे रोटीचा खडबडीतपणा हा केवळ शोभेचा भाग नसून तेल धरून ठेवण्याचे साधन आहे. शिवाय पिळून उरलेला चोथाच रोटी भाजतो, अशी ही काटकसरीची व्यवस्था आहे.

आपल्याकडे भात आणि ज्वारी मुबलक आहेत, पण तांदळाची किंवा ज्वारीची भाकर येथे उपयोगी पडत नाही. या धान्यांत गव्हासारखे ग्लुटेन नसल्यामुळे तेल व रस्सा मुरताच भाकर फुटते. रोटी गव्हाचीच हवी. पूर्व विदर्भात उपड्या मडक्यावर भाजली जाणारी 'लांब रोटी' प्रसिद्ध आहे. सैल कणीक हातावर झेलून ताणीत मोठी केलेली ही रोटी चवीला उत्तम असली तरी फार पातळ असते. कांद्याच्या थराखाली ती विरघळून जाते. त्यापेक्षा पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेला 'पानगा' ताबूनच्या रोटीला कार्याच्या दृष्टीने अधिक जवळचा आहे. तो जाड असतो, त्याची आच गोवरीची असते, पानाच्या शिरा उमटून त्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि तेल शोषूनही तो उभा राहतो. पीठ किंचित आंबवून, पानगा नेहमीपेक्षा चपटा, बोटभर जाडीचा केला म्हणजे काम भागते.

आंबटपणाचा प्रश्न

'सुमाक' हे नाव अरामी भाषेतील 'तांबडा' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. त्याचे झुडूप आम्रकुलातील आहे. फळांवरील बारीक लवेत मुख्यतः मॅलिक आम्ल असते. शिवाय त्यात टॅनिन असल्यामुळे आंबटपणाला तुरट धार येते. पूड कोरडी असल्यामुळे कांद्यात पाणी न वाढविता ती आंबटपणा देते, हे तिचे विशेष कार्य होय.

या जिल्ह्यांत आंबट वस्तूंची उणीव नाही. चिंच आहे, अंबाडीची पाने आणि तिची तांबडी, मांसल फुलपात्रे आहेत, कैरी आहे, माडियांच्या आहारातील तांबड्या मुंग्यांची चटणीही आहे, जिचा आंबटपणा फॉर्मिक आम्लाचा असतो. सादृश्यावर जाणारा पाककर्ता यांतून अंबाडीची फुले निवडील, कारण वाळविलेल्या फुलांची पूड थेट सुमाकासारखी दिसते. चवीच्या दृष्टीनेही ही निवड वाईट नाही. परंतु अंबाडीची फुले हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, आणि त्या वेळी येथे नवे तेल नसते. चिंच कोळाच्या रूपाने घालावी लागते. त्यामुळे कांदा ओला व काळसर होतो.

सुमाकाचे कुल पाहिले असता वेगळी वाट सापडते. आंबा, काजू, बिबा आणि चार ही झाडे त्याच आम्रकुलातील होत. कैरीच्या सालीसह वाळविलेल्या फोडी, म्हणजे आंबोशी, कुटून केलेली पूड कोरडी असते, आंबट असते, आणि सालीमुळे तिला थोडा तुरटपणाही असतो. साल काढून केलेल्या बाजारी आमचुरात हा तुरटपणा कमी असतो. रंग तेवढा मिळत नाही. तो हवाच असेल तर चिमूटभर अंबाडीची पूड वर भुरभुरावी. चार या झाडाच्या बियांतील गर म्हणजे चारोळी. ती बदामाच्या किंवा पाइनच्या दाण्यांच्या जागी चपखल बसते. मात्र कुल एक म्हणजे गुण एक, असा तर्क कोणी करू नये. बिब्याच्या तेलाने अंगावर फोड येतात, हे सर्वांस माहीत आहे. सुमाकाचे काही परदेशी नातलगही असेच दाहक आहेत. ओळख पटलेली वस्तूच स्वयंपाकात घ्यावी.

तेलाचा प्रश्न

मुसख्खनचा प्राण तेलात असल्यामुळे हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बाटलीतील आयात ऑलिव्ह तेल वापरता येईल, पण ते येथे कोणत्याच ऋतूचे नाही. विदर्भातील जुने खाद्यतेल जवसाचे. त्यात अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा अधिक असल्यामुळे ते लवकर खवट होते, आणि अर्धा तास कांदा शिजवीत ठेवण्यास फारसे योग्य नाही.

उरते मोहाचे तेल. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये वेचली जातात, हे सर्वश्रुत आहे. फुलांमागून येणाऱ्या फळांतील बिया, म्हणजे टोळी (काही भागांत टोरी), पावसाळ्याच्या तोंडावर गोळा करून फोडतात, वाळवितात आणि त्यांचे तेल काढतात. या तेलात ओलेइक आम्ल पुष्कळ असते, त्या बाबतीत ते ऑलिव्ह तेलाच्या काहीसे जवळ येते. परंतु पामिटिक व स्टिअरिक ही संपृक्त आम्लेही त्यात बरीच असल्यामुळे थंडीत ते गोठते. म्हणून ते दीर्घ आचेवर टिकते, पण पदार्थ निवल्यावर जिभेवर जड वाटते. त्याला स्वतःचा उग्र वास व किंचित कडवटपणा असतो. नव्या ऑलिव्ह तेलाचा कडवटपणा जसा तेथील माणसाला ओळखीचा व प्रिय, तसाच टोळीच्या तेलाचा वास येथील जुन्या माणसांना ओळखीचा आहे. ज्यांना तो सोसत नाही त्यांनी तेल आधी चांगले तापवून, निववून मग वापरावे.

कृती

सहा माणसांसाठी पुढील प्रमाण योग्य ठरेल. साफ केलेली गावरान कोंबडी कातडीसह दीड किलोग्रॅम, मोठे तुकडे करून. कांदा दीड किलोग्रॅम. गव्हाचे पीठ पाऊण किलोग्रॅम. टोळीचे तेल २५० मिलिलिटर. आंबोशीची पूड तीन मोठे चमचे. चारोळी ५० ग्रॅम. वेलदोडे चार, दालचिनीचा बोटभर तुकडा, तमालपत्रे दोन, मिरी व मीठ. येथे कांदा पिठाच्या दुप्पट ठेवला आहे. तेल मात्र वर दिलेल्या प्रमाणाच्या निम्म्यावर आणले आहे, कारण मोहाचे तेल अधिक जड असते.

कोंबडी जाळावर धरून कातडी किंचित भाजावी. तुकडे, मसाले, मीठ व एक कांदा बुडतील इतक्या पाण्यात घालून पाणी हलके थरथरत राहील अशा आचेवर दीड ते दोन तास ठेवावेत. ब्रॉयलर असल्यास पाऊण तास पुरतो. मांस हाडापासून सुटू लागले, पण गळून पडले नाही, अशा वेळी तुकडे बाहेर काढावेत आणि रस्सा गाळून ठेवावा.

दरम्यान उरलेला कांदा उभा चिरून दोनशे मिलिलिटर तेलात, झाकण ठेवून, मंद आचेवर अर्धा तास शिजवावा. तो पारदर्शक व मऊ व्हावा, तांबूस होऊ देऊ नये. तांबूस झाला म्हणजे गोडी वाढून कडवट छटा येते आणि आंबटपणा झाकला जातो. भांडे खाली उतरविल्यावरच दोन चमचे आंबोशीची पूड मिसळावी. ही पूड सुमाकापेक्षा अधिक पाणी शोषते, म्हणून कांदा चिकट वाटल्यास दोन पळ्या रस्सा घालावा.

उरलेले तेल व उरलेली पूड तुकड्यांना चोळावी. पानगे रश्श्यात क्षणभर बुडवून जाड बुडाच्या पसरट भांड्यात मांडावेत, त्यांवर कांद्याचा थर व त्यावर तुकडे ठेवावेत. घरात भट्टी नसली तरी अडत नाही. भांड्यावर धातूची झाकणी ठेवून तिच्यावर निखारे पसरावेत व खाली मंद विस्तव ठेवावा. वीस मिनिटांत कातडीला रंग येतो. विजेची भट्टी असल्यास २२० अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटे पुरतात. शेवटी थोड्या तेलात परतलेली चारोळी पसरून ताट गरम असतानाच वाढावे. ते निवू देऊ नये. उरलेला रस्सा वाट्यांतून सोबत द्यावा.

ऋतूचा मेळ

वर निवडलेल्या वस्तूंचा काळ एकत्र मांडून पाहिला म्हणजे या लेखाचा मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. कैरी वाळवून आंबोशी होते ती एप्रिल-मेमध्ये. चारोळीही त्याच सुमारास रानातून घरी येते. टोळी त्यानंतर लगेच, पावसाच्या तोंडावर. उन्हाळी कांदा तेव्हा नुकताच साठविलेला असतो. म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये सुमाक व ऑलिव्ह यांचा जो मेळ शरद ऋतूत जमतो, तो येथे आंबा, चार आणि मोह या तीन झाडांमुळे ज्येष्ठ-आषाढात जमतो. सादृश्याने अंबाडी निवडली असती तर नवे आंबट आणि नवे तेल यांत चार-पाच महिन्यांचे अंतर पडले असते. कार्य व ऋतू पाहून केलेल्या निवडीमुळे पक्वान्नाचा रंग हरवला, पण त्याचा हेतू, म्हणजे नव्या तेलाचे स्वागत, शाबूत राहिला. या पदार्थाला मुसख्खन म्हणावे की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्याला मुसख्खनच्या रीतीने केलेली टोळीच्या तेलातील कोंबडी म्हणणे अधिक प्रामाणिक होईल.

झाडांवरील हक्क

येथवरच्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरली होती, ती ही की झाड आहे आणि माणूस त्याच्यापर्यंत जाऊ शकतो. दोन्ही प्रदेशांत हे गृहीत निर्वेध नाही. तुलकर्म आणि जेनिन या परिसरातच २००२ साली इस्राएलने विभाजक भिंतीचे बांधकाम सुरू केले, आणि अनेक गावांच्या ऑलिव्ह बागा भिंतीपलीकडे राहिल्या. तेथे जाण्यास परवाना लागतो, आणि ठरावीक दिवशी उघडणाऱ्या फाटकांतून जावे लागते. तोडणीचा काळ मात्र कोणाच्या परवान्यासाठी थांबत नाही. त्याआधी १९७७ साली 'झातर' ही रानातील सुगंधी वनस्पती संरक्षित ठरवून ती वेचण्यास बंदी करण्यात आली होती. घरच्या जेवणातली नित्याची वनस्पती त्या दिवसापासून गुन्ह्याची वस्तू झाली.

गडचिरोलीच्या वाचकाला ही भाषा अपरिचित वाटणार नाही. इंग्रजी अमदानीत अरण्ये राखीव झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या वेचलेली वस्तू सवलत म्हणून मिळू लागली. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा अधिनियम २००६ साली झाला, तेव्हा गौण वनोत्पादनावरील मालकी कायद्याने मान्य झाली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टर अरण्यावरील सामूहिक हक्क मिळाला; देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. त्या हक्काची चर्चा बहुधा बांबूच्या संदर्भात होते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण बांबूत पैसा आहे. पण मोह, चार आणि आंबा यांच्यावरील हक्क हा चुलीचाही हक्क आहे. मोहाचे झाड गेले म्हणजे केवळ उत्पन्न जात नाही. नवे तेल कसे उतरले हे चाखून सांगणारी जीभही जाते.

उपसंहार

पॅलेस्टाइनमध्ये तेल, रोटी, आंबट आणि कोंबडी यांच्या मेळाला एक नाव आहे. त्या नावामुळे तो मेळ परदेशी गेलेल्या माणसांबरोबरही टिकला, त्याच्या पाककृती लिहिल्या गेल्या, विक्रम नोंदविले गेले. आपल्या झाडीपट्टीत तशाच मेळाचे सर्व घटक उपस्थित असून त्याला एक नाव नाही, आणि ज्या गोष्टीला नाव नाही तिची नोंद सहसा होत नाही. पाकीटबंद तेल गावोगाव पोहोचल्यावर टोळीच्या तेलातील स्वयंपाक मागे पडणे स्वाभाविक आहे. त्याला दोष देऊन उपयोग नाही. परंतु तो पूर्णपणे विसरला जाण्यापूर्वी त्याची नोंद होणे अगत्याचे आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे करण्याजोगे काम आहे. आपापल्या गावातील वयोवृद्ध स्त्रियांना केवळ पाककृती विचारू नयेत. कोणते तेल कोणत्या महिन्यात घरात येई, ते कोण काढी, त्यात प्रथम काय शिजे, त्याबरोबर आंबट कोणते असे, आणि ती वस्तू ज्या झाडाची होती ते झाड कोणाच्या हद्दीत होते, हे पाच प्रश्न विचारून उत्तरे महिन्यावार मांडावीत. असा तक्ता प्रत्येक तालुक्यातून तयार झाला तर परदेशी पक्वान्नाशी केलेली ही तुलना सार्थकी लागेल. आणि आपल्या चुलीवरील मेळाला काय म्हणावयाचे, हे ज्यांचा तो आहे त्यांनाच विचारता येईल.